भाचीला गुलमर्गात ‘मोकाट’ स्कीइंग करायचंय. मामाने काय म्हणावं?

केळीबाग (१२ मे, रात्री ११:४८)

राम राम मंडळी. मुक्काम रावेर तालुका. रात्रीचे पावणेबारा झाले तरी गच्चीची फरशी पाठ भाजते आहे. दोन बादल्या पाणी मारलं, खाट टाकली, तेवढ्यात लाईट गेली. आता मोबाईलवर बर्फ बघत पडलोय.

बर्फ बघायचं कारण हौस नाही, भाची आहे. पुण्यात नोकरी करते, वय २५. गुलमर्गच्या सरकारी संस्थेत तिने स्कीइंगचा बेसिक कोर्स केला, मागच्या हिवाळ्यात त्याच्या पुढचाही केला. इथवर कोणी काही बोललं नाही. आता म्हणते, “मामा, येत्या फेब्रुवारीत मला फ्रीराइड करायचंय.” माझी बहीण भुसावळला असते, तिने ऐकल्या दिवसापासून बोलणं सोडलंय. दाजी रेल्वेतले, त्यांनी सिग्नल माझ्याकडे वळवला: “मामाला विचार.”

मामाला काय कळतंय? मी यूट्यूब उघडलं. एक माणूस हेलिकॉप्टरमधून डोंगराच्या धारेवर उतरला. पुढे वाट नाही, झेंडे नाहीत, कठडा नाही. त्याने खाली पाहिलं आणि निघाला. पाट फुटल्यावर पाणी जसं शेतातून वाट काढतं तसा तो खाली वाहत आला. मध्ये कडा आला, तर थांबावं की नाही? गड्याने सरळ उडी टाकली.

विचारायचं असं की हा खेळ आहे की वेड? ह्यात नंबर कसा काढतात? ही माणसं खातात काय, म्हणजे पैसा कुठून येतो? आणि मुख्य म्हणजे मी हो म्हणू की नाही? आखाजीला सगळे जमले होते तेव्हा टोलवलं. आता पोरगी रोज फोन करते.

बुऱ्हाणपुरी_जिलेबी (१३ मे, सकाळी ७:०२)

रावेरात राहून घसरायला बर्फ कशाला हवा? केळीची सालं कमी पडली का?

झेलम_११०७७ (१३ मे, सकाळी ७:१०)

धागा उघडताना मनात म्हटलं होतं, पहिला प्रतिसाद सालीचाच येणार. आता वाचतो निवांत.

केळीबाग (१३ मे, सकाळी ७:३१)

आमच्याकडे उतार फक्त केळीच्या भावाला असतो. तिथे मी पंचवीस वर्षं विनाहेल्मेट घसरतोय.

तिरोलची_सून (१३ मे, दुपारी १२:१५)

माहेर चोपडा, गेली अकरा वर्षं ऑस्ट्रियात, इन्सब्रुकला. इथे शहराच्या मध्यातून केबल कारमध्ये बसलं की नॉर्डकेटेच्या डोंगरावर पोचता येतं. सकाळी घसरून दुपारी ऑफिसला जाणारे लोक आहेत. आपल्याकडे पोरं विहिरीत सूर मारायला शिकतात त्या वयात इथली पोरं स्कीवर उभी राहतात. मी मात्र तिशीत शिकले, त्यामुळे माझं मत बेताचंच धरा.

साधं स्कीइंग होतं आखून दिलेल्या, यंत्राने दाबून घेतलेल्या पट्ट्यावर. त्याला इथे पिस्ट म्हणतात. कडेला खांब, वर लिफ्ट, संध्याकाळी गस्त. फ्रीराइड म्हणजे ती पट्टी सोडून डोंगर जसा आहे तसा उतरायचा. दाबलेलं काही नाही, मऊ भुसभुशीत बर्फ, खडक, झाडं, कडे. त्या बर्फात बुडू नये म्हणून स्की रुंद असतात. हे रुंद प्रकरण रुळवण्यात शेन मॅकॉन्की नावाच्या माणसाचा मोठा हात होता. २००२ साली त्याच्या कल्पनेतून निघालेली स्की पाण्यावर चालवायच्या स्कीसारखी दोन्ही टोकांना वर वळलेली होती. लोक हसले. आज तो आकार बहुतेक पावडर स्कीत दिसतो.

नंबर कसा काढतात, तर फ्रीराइड वर्ल्ड टूर नावाची स्पर्धामालिका आहे, २००८ पासून. तिचं मूळ स्वित्झर्लंडमधल्या वेर्बियेच्या १९९६ च्या स्पर्धेत. तेव्हा फक्त स्नोबोर्डवाले होते, स्कीवाल्यांना २००४ मध्ये घेतलं. तिथला डोंगर बेक दे रॉस, उंची ३,२२३ मीटर. गंमत अशी की स्पर्धकाला त्या उतारावर सराव करू देत नाहीत. समोरून दुर्बिणीतून बघायचं, कुठून जायचं ते मनात पाठ करायचं, आणि प्रत्यक्ष एकदाच. घड्याळ लावत नाहीत. परीक्षक पाहतात वाट किती अवघड निवडली, ताबा किती, अडखळला का, उडी कशी, तंत्र कसं. वरून बघताना सगळं उलटं दिसतं. खालून जो खडक ठळक दिसत होता तो वरून दिसतच नाही, नुसती कड दिसते आणि पुढे हवा.

धुळे_थेट (१३ मे, दुपारी १:४०)

स्पष्ट बोलतो, राग नसावा. हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत. इथे कापसाला भाव नाही, पांझरेला पाणी नाही, आणि आपण चर्चा करतोय हेलिकॉप्टरने डोंगरावर जाऊन खाली घसरण्याची. बरं, घसरा. पण गाडला गेला की शोधायला जवान जाणार. त्यांच्या आईबापांनी काय केलंय?

अमळनेरी_गोठ (१३ मे, दुपारी १:५५)

भाऊ, आठे ४५ डिग्रीमा जीव चालना, अन् तुमी बरफनी गोठ काढी रायनात! लई गार वाटनं. चालू द्या.

निवृत्त_सुभेदार (१३ मे, सायंकाळी ६:२०)

धुळे_थेट, जवानांचं नाव काढलंत म्हणून लिहितो. मी पारोळ्याचा. तीन हिवाळे गुलमर्गला काढलेत. आमची तिथली हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल १९४८ ला सुरू झाली ती स्की स्कूल म्हणूनच. म्हणजे गुलमर्गात स्की रुजवण्यात फौजेचाही मोठा हात आहे म्हटलं तरी चालेल.

८ फेब्रुवारी २०१० ला खिलनमर्गजवळ हिमस्खलन झालं, प्रशिक्षणातले १७ जवान गेले. ती माणसं शिकलेली होती, शिकवणारी होती. एवढंच सांगतो. बर्फाला तुमचं सर्टिफिकेट वाचता येत नाही.

आमच्या सुरुवातीच्या काळात कमरेला लांब लाल दोरी बांधून चालायचो. गाडलो तर दोरीचं टोक तरी वर राहील, ते ओढत ओढत माणूस सापडेल, असा हिशेब. आता बीपर असतो.

शोधायला जाण्याचं विचाराल तर आम्ही कधी विचारलं नाही की वर हौसेने गेला होता की हुकमाने. पण मनात यायचं. खोटं का बोलू.

धुळे_थेट (१३ मे, सायंकाळी ६:४५)

सुभेदार साहेब, सलाम. शेवटच्या वाक्यासाठी जास्तच.

हाडांचा_डॉक्टर (१३ मे, रात्री ९:१०)

जळगाव. स्कीइंगचे पेशंट आमच्याकडे वर्षाला एखाद-दुसरा, बाकी सगळे मोटारसायकलवाले, तेव्हा आधी तुलना नीट करा. भाचीची पुण्यातली स्कूटर हाही विषय घ्या कधी.

गुडघा हा स्कीवाल्यांचा कच्चा दुवा. बूट घट्ट, घोटा हलत नाही, मग पीळ वर गुडघ्यात जातो आणि आतला लिगामेंट तुटतो. बाइंडिंग नावाचा खटका ठरावीक जोर आला की बूट सोडतो. तो खटका वजन आणि कौशल्याप्रमाणे लावून घ्यायचा असतो. भाड्याच्या दुकानात घाईत कोणीही लावून देतो, तिथे वाद घालायचा.

दुसरं, उंची. गुलमर्ग साधारण २,६५० मीटर. गोंडोल्याचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, पहिला टप्पा कोंगदोरीला, दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटरवर. म्हणजे बसल्या बसल्या तेराशे मीटर वर. जाताच धावपळ केली की डोकं धरतं. आपण तापीकाठची माणसं. दोन दिवस खाली मुक्काम करून मग वर जावं.

डाबची_थंडी (१३ मे, रात्री ९:३२)

खान्देशात बर्फ नाही असं कोणी म्हटलं? अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबला या. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गवतावर, पेंढ्याच्या ढिगावर, जीपच्या टपावर पांढरं पडलेलं असतं. तोरणमाळलाही.

झेलम_११०७७ (१३ मे, रात्री ९:४०)

ते गोठलेलं दव. बर्फ आणि दव ह्यांत फरक आहे.

डाबची_थंडी (१३ मे, रात्री ९:४१)

टपावरून खरवडून गोळा करून भावाच्या शर्टात टाकलंय. तो ओरडला तेव्हा त्याला फरक कळला नाही.

केळीबाग (१३ मे, रात्री १०:१५)

सुभेदार साहेब, तुमचा प्रतिसाद बहिणीला दाखवायचा की लपवायचा, कळत नाहीये. बीपरचं जरा सांगा. आणि डॉक्टर, स्कूटरचा मुद्दा दाजींना पटला, बहिणीला नाही. ती म्हणाली, “स्कूटरवर माणूस कामाला जातो.”

तिरोलची_सून (१४ मे, पहाटे २:०५)

बीपरचं मी सांगते, इथे तो गळ्यात असल्याशिवाय मित्रमंडळी सोबत घेत नाहीत. छातीला पट्ट्याने बांधायचं लहान यंत्र, सतत ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडतं. कोणी गाडलं गेलं की बाकीचे आपलं यंत्र ‘शोध’वर लावून जवळ जात जातात. मग लांब घडीची काठी खुपसून माणूस चाचपायचा, मग फावडं. तिन्ही वस्तू लागतात. फावडं नसेल तर यंत्र फक्त कुठे रडायचं ते सांगतं, कारण थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट बसतो, हाताने उकरत नाही.

वेळ फार थोडा. साधारण पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर दहातले नऊ वाचतात असं जुन्या स्विस नोंदींवरून म्हणतात. पस्तीस मिनिटं झाली की दहातले तीन. बाहेरची मदत एवढ्यात पोचत नाही, म्हणून सोबतचा माणूस हीच मदत. धुळे_थेट, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. शोधणारे बहुतेक वेळा तेच असतात जे सोबत घसरत होते.

फिरस्ता_चाळीसगाव (१४ मे, सकाळी १०:२०)

पैशाच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही. बक्षिसाच्या रकमेवर फ्रीराइडवाल्याचं घर चालत नाही. स्की, जॅकेट, गॉगल बनवणाऱ्या कंपन्या पैसे देतात, त्या बदल्यात तो चित्रफिती, फोटो देतो. बरेच जण उरलेला वेळ गाइड म्हणून किंवा शिकवून काढतात. मोजक्यांना चांगलं मिळतं, बाकीचे व्हॅनमध्ये झोपतात.

आणि सतत फिरती. जानेवारीत जपानला, होक्काइदो बेटावर. सैबेरियाचा कोरडा गार वारा जपानच्या समुद्रावरून येताना ओलावा उचलतो आणि तिथल्या डोंगरांवर रिकामा करतो. आपल्याकडे पाऊस घाटावर सांडतो आणि खान्देशाला नुसते ढग दाखवून जातो, तसंच, फक्त ते घाटावर राहतात. फेब्रुवारी-मार्च आल्प्स. एप्रिलमध्ये अलास्का, कारण समुद्राकाठचा ओलसर बर्फ तिथे अगदी उभ्या उतारालाही चिकटून राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेत उन्हाळा, मग चिली, अर्जेंटिना, न्यूझीलंड.

मला हे वाचताना आपले साक्रीकडचे ठेलारी आठवले. पाऊस सरला की मेंढ्या, घोड्यावर बिऱ्हाड, कोंबड्यासकट निघतात, चारा जिकडे तिकडे. ह्यांचा चारा पांढरा, एवढाच फरक.

धुळे_थेट (१४ मे, सकाळी १०:४४)

ठेलाऱ्यांना पोटासाठी फिरावं लागतं हो. त्यांच्याशी तुलना केली की वाचायला छान वाटतं, पण रात्री लांडगा आला की जॅकेट कंपनी येत नाही.

फिरस्ता_चाळीसगाव (१४ मे, सकाळी ११:०२)

मान्य. तुलना फिरतीपुरतीच. लांडग्याची मागे घेतो.

शब्दखोर (१४ मे, दुपारी ३:१५)

अवांतर: फ्रीराइडला मराठी शब्द काय? ‘मुक्तहिमघसरण’ असं काही कोणी सुचवण्याआधी मी धाग्याच्या शीर्षकातल्या ‘मोकाट’ला मत देतो. मोकाट गुराला कुंपण माहीत नसतं, पण पाणी कुठे आहे ते माहीत असतं.

बुऱ्हाणपुरी_जिलेबी (१४ मे, दुपारी ३:२०)

मोकाट गुरं कोंडवाड्यातही जातात. रच्याकने, भाची हे वाचतेय का?

जुनी_पुस्तकं_जुने_लोक (१४ मे, रात्री ८:५०)

उशिरा आलो. ह्या वेडाचे थोडे जुने नमुने सांगतो, बहिणीला दाखवू नका.

६ मे १९७० ला यूइचिरो मिउरा हा जपानी माणूस एव्हरेस्टच्या साउथ कोलवरून (माथ्याखालची खिंड) स्कीवर सुटला. वेग आवरायला पाठीला पॅराशूट. हवा विरळ, छत्री नीट धरेना, तो पडला आणि बर्फावरून गडगडत गेला. खाली मोठी भेग होती, तिच्या अलीकडे थांबला. धडा घेतला का? ७० व्या वर्षी एव्हरेस्ट चढला, मग ७५ व्या, मग ८० व्या.

स्लोव्हेनियाचा दावो कार्निचार, ऑक्टोबर २०००. एव्हरेस्टच्या माथ्यापासून बेस कॅम्पपर्यंत पूर्ण स्कीवर उतरणारा पहिला. हा माणूस गेला कसा, तर २०१९ मध्ये, घराकडे झाड तोडताना.

पोलंडचा आंजेय बार्गिएल २०१८ मध्ये के-टू वरून स्कीवर उतरला, त्याआधी कोणाला जमलं नव्हतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तो एव्हरेस्ट चढला, कृत्रिम प्राणवायू न घेता, आणि स्कीवर खाली आला. खाली यायला अंधार झाला म्हणून वाटेत कॅम्पवर रात्रभर थांबला, सकाळी खुंबूची हिमनदी उतरला. तिथल्या भेगांतून वाट दाखवायला भावाने ड्रोन उडवला होता.

आपल्या देशाचं म्हणाल तर हिवाळी ऑलिंपिकमधला भारताचा पहिला खेळाडू स्कीवालाच, जेरेमी बुयाकोव्स्की, जन्माने पोलिश, १९६४ चं इन्सब्रुक. आणि २०२२ च्या बीजिंगला अख्ख्या भारताकडून एकटा आरिफ खान, गुलमर्गच्या पायथ्याचा. जायंट स्लालममध्ये ४५ वा आला. तो झेंड्यांमधून घसरण्याचा प्रकार, मोकाट नव्हे.

हाडांचा_डॉक्टर (१४ मे, रात्री ९:०५)

भाऊ ड्रोन उडवतो हे वाक्य बहिणीला जरूर दाखवा. सख्खं कोणी सोबत असलं की आईला बरं वाटतं.

सोनवद_ते_सिएटल (१५ मे, सकाळी ६:३०)

दुसरी बाजू कोणीतरी सांगायला हवी. ह्या खेळातल्या मोठमोठ्यांची यादी काढली की त्यांचे मृत्यूदिन सोबत येतात. वर ज्याच्या रुंद स्कीचं कौतुक झालं तो मॅकॉन्की २००९ मध्ये इटलीत गेला, कड्यावरून स्कीने झेपावून पॅराशूट उघडायच्या नादात. डग कूम्ब्स, १९९१ चा अलास्कातला जगज्जेता, २००६ मध्ये फ्रान्सला, घसरलेल्या मित्राला बघायला गेला आणि स्वतः पडला. एस्तेल बाले, स्नोबोर्डवाली, दोनदा टूर जिंकली, २०१६ मध्ये हिमस्खलनात, वय २१. अमेरिकेची हिलरी नेल्सन, २०२२ मध्ये नेपाळच्या मनास्लू शिखरावर.

ही नवशिकी नव्हती. कौशल्य वाढलं की माणूस सुरक्षित होत नाही, तो आणखी उभ्या उतारावर जातो. माझा सल्ला नाही म्हणण्याचा.

तिरोलची_सून (१५ मे, दुपारी १:१०)

हिलरी नेल्सनचं नाव आलंच आहे तर तिचं एक हिमाचलातलं. पापसुरा, ६,४५१ मीटर. २०१७ मध्ये ती सोबत्यांबरोबर ते चढून स्कीवर उतरली. पण त्याआधी ती एकदा त्याच डोंगरावरून परत फिरली होती. यादीत परतलेल्या खेपा कधीच येत नाहीत, मोजायला त्यांचा फोटो नसतो.

तुमच्या शेवटच्या वाक्याशी मात्र भांडता येत नाही. माझा नवरा इथलाच, डोंगरात वाढलेला. त्याच्या शाळेच्या वर्गफोटोत दोन जण नाहीत.

एरंडोलची_लेक (१५ मे, दुपारी १:३५)

केळीबाग काका, एक विचारू? भाचा असता तर हा धागा काढला असता का?

केळीबाग (१५ मे, दुपारी २:२०)

जेवून उत्तर देतो म्हणून पळणार होतो, पण नको. भाचा असता तर धागा काढला नसता. दाजींनी पैसे दिले असते, बहीण रडली असती आणि तो गेला असता. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पण मग तोही न विचारता गेला असता हेही वाईटच ना?

एरंडोलची_लेक (१५ मे, दुपारी २:२४)

पळाला नाहीत, एवढं पुष्कळ.

निवृत्त_सुभेदार (१५ मे, सायंकाळी ७:००)

उतार किती उभा हे सगळे विचारतात. बर्फ कसा बसलाय हे कोणी विचारत नाही. घरी करून बघा. ताटात साखर पसरा. त्यावर एक मोठी वाळलेली बिबडी (ज्वारीचा पापड) ठेवा. ताट हळूहळू तिरकं करा. एक वेळ अशी येते की अख्खी बिबडी एकदम सुटते. साखर म्हणजे खालचा भुसभुशीत थर, जुन्या थंडीत दाणेदार झालेला. बिबडी म्हणजे वाऱ्याने वर थापलेला नवा थर. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर हे जास्त होतं, आणि नेमका तोच उतार स्कीवाल्याला आवडतो. बिबडी बहुतेक वेळा आपोआप सुटत नाही. ज्याच्या अंगावर येते त्याच्याच किंवा सोबत्याच्या वजनाने सुटते.

गुलमर्गात गोंडोल्याखालचा मुख्य भाग स्की पेट्रोल, म्हणजे गस्तीपथक, सांभाळतं, धोका दिसला की बंद ठेवतं. त्याच्या पलीकडे गेलात की तुम्ही आणि डोंगर. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन तिथेच गेले. २०२४ चा जानेवारी तर कोरडा गेला होता, फेब्रुवारीत एकदम पडला. असा उपाशी राहून एकदम जेवलेला डोंगर वाईट.

केळीबाग (१५ मे, रात्री १०:३०)

साखर-बिबडी करून बघितली. बिबडी सुटली आणि थेट बहिणीच्या पायाशी. (ती आजच आली आहे, केळीचे वेफर तळायला की माझ्याशी भांडायला ते अजून कळलं नाही.) तिने विचारलं हे काय, मी सांगितलं. तिने पुन्हा करून दाखवायला लावलं. मग म्हणाली, “हे तिला कोण शिकवतं?”

तीन आठवड्यांत ती पहिल्यांदा प्रश्न विचारतेय.

भाची_स्वतः (१६ मे, सकाळी ९:१५)

नमस्कार. खास ह्यासाठी खातं उघडलं. मामा, माझ्या ऑफिसातल्या मुलीने ही लिंक “तुझ्यासारखीच कोणीतरी” म्हणून पाठवली. रावेर, भुसावळ, रेल्वेतले बाबा. धन्य.

आईच्या प्रश्नाचं उत्तर आधी. ते शिकवणारा वेगळा कोर्स असतो. बर्फ खणून थर बघायचे, बीपर पुरून शोधायचा, परत परत, घड्याळ लावून. फेब्रुवारीत मी तो करणार आहे, मग गाइडबरोबर पेट्रोलच्या हद्दीत चार दिवस. बेक दे रॉसवरून कोणी उडी मारत नाहीये. मामांना व्हिडिओ मी पाठवला ही माझी चूक, बर्फ सुंदर दिसतो म्हणून पाठवला होता.

आता मागच्या वर्षीचं, घरी सांगितलेलं नाही. कोर्स संपल्यावर आम्ही चौघी एका स्थानिक गाइडबरोबर दुसऱ्या टप्प्यावर गेलो होतो. वर पोचलो, ऊन होतं, नवा बर्फ. गाइड दहा पावलं पुढे गेला, काठी खुपसली, परत आला आणि म्हणाला, आज नाही. आम्ही गोंडोल्यातून बसून खाली आलो. दिवसाचे पैसे गेले. मी रडले, खरंच रडले, कोंगदोरीला कहवा पीत. आमच्या डोळ्यांदेखत दुसरा एक गट त्याच उतारावरून मजेत खाली आला. काहीही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही झालं नाही. बाकीचे गाइड त्याला हसले.

ह्या वर्षी मी त्यालाच ठरवलाय.

निवृत्त_सुभेदार (१६ मे, सकाळी ९:४०)

केळीबाग, पाठवा हिला.

सोनवद_ते_सिएटल (१६ मे, सकाळी १०:१२)

माझं मत बदललेलं नाही. पण बाई, विमा नीट वाच. साध्या प्रवासी विम्यात पिस्टबाहेरचं स्कीइंग बहुतेकदा वगळलेलं असतं, ते बारीक अक्षरात असतं.

अमळनेरी_गोठ (१६ मे, सकाळी १०:३०)

पोरले जाऊ द्या. पोर हुशार शे.

धुळे_थेट (१६ मे, सकाळी १०:५०)

चोचले ते चोचलेच. पण हसणारे गाइड सोडून तो धरलास, ते आवडलं. फोटो टाक.

केळीबाग (१६ मे, रात्री ११:२०)

आजचा वृत्तांत. बहिणीने भाचीचा प्रतिसाद दोनदा वाचला. रडल्याचं कळवलं नाही म्हणून अर्धा तास फोनवर बोलणी बसली, स्कीबद्दल एक शब्द नाही. शेवटी म्हणाली, “दादा, तू जा सोबत.” मी! ज्याला जानेवारीत सकाळी ओट्यावर बसायला गोधडी लागते!

तर ठरलं असं: भुसावळहून झेलमने जम्मू, पुढे कटऱ्याहून श्रीनगरची नवी गाडी. मी गोंडोल्याच्या पहिल्या टप्प्यापर्यंत, दुसरा तिचा. काठी, फावडं, बीपर तिचं. माझ्याकडे डबा. दाजी म्हणाले, रिझर्वेशन मी बघतो.

एक शंका राहिली. बामणोदच्या वांग्यांचं भरीत तिथवर टिकेल का? सुभेदार साहेब, अनुभव?

निवृत्त_सुभेदार (१७ मे, सकाळी ६:०५)

टिकतं. गोठतं. चमचा वाकतो. कळण्याच्या भाकरी वेगळ्या बांधा, आणि कांद्याची पात नेऊ नका, काळी पडते.